'थ्री इडियट्स' आणि 'छिछोरे' : विद्यार्थ्यांच्या मनोव्यथेचे चित्रण

विद्यार्थ्यांच्या आत्महत्येचा प्रश्न हिंदी चित्रपटात मध्यवर्ती स्थानी आणण्याचे श्रेय राजकुमार हिरानी यांच्या 'थ्री इडियट्स' (2009) व नितेश तिवारी यांच्या 'छिछोरे' (2019) या दोन चित्रपटांना दिले जाते, व ते काही अंशी योग्यही आहे. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून त्यांतील संवाद आजही ऐकू येतात. परंतु लोकप्रियता हा कलाकृतीच्या आकलनाचा पुरावा नव्हे. दुखणे कोठे आहे, हे या चित्रपटांना कितपत दिसले, असा प्रश्न शिक्षकवर्गाने तरी विचारावयास हवा.

'थ्री इडियट्स'मध्ये संचालक वीरू सहस्रबुद्धे ऊर्फ व्हायरस हा एकच खलनायक आहे. प्रकल्पाला मुदतवाढ नाकारल्यावर जॉय लोबो जीव देतो. मित्राविरुद्ध साक्ष किंवा हकालपट्टी अशा पेचात सापडलेला राजू रस्तोगी खिडकीतून उडी घेतो. दोन्ही प्रसंगांत कारण एकच, आणि तेही आदल्या दृश्यात घडलेले. वास्तवात आत्महत्येमागे अनेक कारणे गुंतलेली असतात. एकाच घटनेकडे बोट दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. राजूच्या घरी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले वडील, हुंड्यावाचून अडलेली बहीण आणि अपुरा पैसा आहे. पण पटकथेने या घराचा उपयोग मुख्यतः हशा पिकवण्यासाठी केला आहे! पुढे मित्रांच्या थट्टेने राजू शुद्धीवर येतो, व्हायरसचे हृदयपरिवर्तन होते, आणि व्यवस्था होती तशीच राहते. संपूर्ण महाविद्यालयात एकही समुपदेशक नाही, याची उणीव कोणत्याच पात्राला भासत नाही.

'छिछोरे'ची मांडणी अधिक प्रामाणिक वाटते. प्रवेशपरीक्षेत अपयश आलेल्या राघवच्या वडिलांना रुग्णालयात उमगते की, यशाचा आनंद कसा साजरा करायचा हे आपण मुलाला सांगितले, अपयश आले तर काय करायचे हे मात्र कधीच सांगितले नाही. ही कबुली चित्रपटातील सर्वांत मोलाची जागा आहे. त्यानंतर मात्र वसतिगृहाच्या आठवणी दोन तास पडदा व्यापून टाकतात आणि मुलगा ऐकत राहतो. त्याला स्वतःला काय वाटले, हे फारसे कोणी विचारीत नाही. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आहेत, मनोविकारतज्ज्ञ नाही.

येथे भाषेचाही प्रश्न येतो. उर्दू गझलेने वहशत, जुनून, दीवानगी या अवस्थांना एवढे सौंदर्य दिले की, वर्गात त्या शिकवताना त्या कोणाच्या तरी जिवावर बेतू शकतात हे विसरले जाते. मराठीत 'वेड' हा शब्द एकाच वेळी लाडाचा आणि शिवीचा. मग विद्यार्थी 'टेन्शन' एवढेच म्हणतो आणि शिक्षक 'अभ्यास कर, जाईल' एवढेच. दोन्ही चित्रपटांची भाषा या 'टेन्शन'च्या फार पलीकडे जात नाही.

अपवाद एका दृश्याचा. फरहान कुरेशीच्या घरी वातानुकूलन यंत्र फक्त त्याच्याच खोलीत आहे, कारण तो इंजिनिअर होणार आहे. छायाचित्रकार व्हायचे आहे हे सांगताना त्याच्या अब्बांना मुलगा आत्महत्येची धमकी देतो आहे असे वाटते. फरहान शांतपणे 'नाही' म्हणतो; मित्राच्या सांगण्यावरून पाकिटात ठेवलेले आई-वडिलांचे छायाचित्र दाखवतो आणि तसा विचार मनात आला तर याकडे पाहायचे ठरले आहे, हे सांगतो. जो शब्द उच्चारायला घरे घाबरतात, तो येथे बाप-लेकांत थेट उच्चारला जातो. असा प्रश्न विचारल्याने विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे, हे आता मानसशास्त्र निःसंदिग्धपणे सांगते. शिक्षकांनी वर्गात दाखवावे असे या चित्रपटात काही असेल, तर ते हे दृश्य. नाच-गाणी नव्हेत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मधील निर्णयात शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमण्याचे आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण देण्याचे निर्देश दिले. पडद्यावरच्या महाविद्यालयात ही जागा रिकामीच होती.

व्हायरसच्या स्वतःच्या मुलानेही जीव दिलेला असतो. त्याला इंजिनिअर नव्हे, लेखक व्हायचे होते. हे रहस्य मुलगी बापासमोर उघड करते ते कथानक वळवण्यापुरते. ज्या शिक्षकाच्या घरातच हे घडले, त्याच्यावर चित्रपटाने जेमतेम काही मिनिटे खर्च केली आहेत.