ग्रंथपाल खडूस का असतो?

कथा-कादंबऱ्यांतले ग्रंथपाल आठवून पाहिले, तर बहुतेक जण तीन साच्यांतून काढलेले दिसतात. पहिला राखणदार: कमरेला किल्ल्या, कपाळावर आठी. दुसरा एकांतप्रिय: माणसांपेक्षा पुस्तकं बरी, असं मानणारा. तिसरा वाटाड्या: मागितलेलं पुस्तक देतोच, वर न मागितलेलं एक हातात ठेवतो. वाचक म्हणून मला तिघंही आवडतात. माझी तक्रार एवढीच, की गोष्टींमध्ये ते सहसा बदलत नाहीत.

राखणदाराचं सगळ्यात भेदक चित्र उंबेर्तो एकोच्या 'द नेम ऑफ द रोज' (१९८०) या कादंबरीत आहे. (ती वाचायची असेल, तर हा परिच्छेद सोडून पुढे जा.) चौदाव्या शतकातला मठ आणि त्यात भूलभुलैयासारखं ग्रंथालय. ग्रंथपाल वेगळा असला तरी खरी सत्ता चालते ती होर्हे या आंधळ्या म्हाताऱ्याची. माणसं हसायला लागली तर देवाची भीती उरणार नाही, म्हणून तो ॲरिस्टॉटलचं विनोदावरचं पुस्तक दडवतो, त्याच्या पानांना विष लावतो आणि शेवटी तीच पानं चावून खातो. रहस्यकथा म्हणून हे जबरदस्तच. पण हा होर्हे पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच राहतो. तो एका विचाराचा पुतळा आहे.

एकोने हे नाव होर्हे लुईस बोर्हेसवरून घेतलं. खऱ्या बोर्हेसचं आयुष्य मात्र या पुतळ्याहून कितीतरी वळणांचं. ब्युनोस आयर्समधल्या एका साध्या ग्रंथालयात तो नोकरीला लागला, तेव्हा फार पुस्तकांच्या नोंदी करू नकोस, असं सहकाऱ्यांनीच त्याला बजावलं. मग थोडक्यात काम उरकून तो तळघरात वाचत-लिहीत बसे. १९४६मध्ये पेरॉनच्या राजवटीत त्याला बाजारातल्या कोंबड्या-सशांचा निरीक्षक नेमलं गेलं. त्याने राजीनामा दिला. १९५५मध्ये तो राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक झाला, तोवर त्याची दृष्टी जवळपास गेली होती. हा प्रवास कुठल्या साच्यात बसवणार?

आपल्याकडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. गणिताचे प्राध्यापक शि. रा. रंगनाथन १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि तिथल्या शुकशुकाटाला इतके कंटाळले, की थोड्याच दिवसांत जुनी नोकरी परत मागायला गेले. पुढे लंडनला शिकायला गेले, तिथली गजबजलेली ग्रंथालयं पाहिली आणि माणूसच पालटला. परतल्यावर त्यांनी वाचकांना थेट कपाटांपर्यंत येऊ दिलं. १९३१मध्ये त्यांचे पाच नियम पुस्तकरूपाने आले. त्यांचा गाभा साधा आहे: पुस्तक वापरण्यासाठी असतं आणि वाचकाचा वेळ मोलाचा असतो.

मला यातून दिसतं ते असं. कपाटाला कुलूप असेल आणि हरवलेल्या प्रत्येक पुस्तकाचा जाब ग्रंथपालालाच द्यावा लागत असेल, तर भला माणूसही राखणदार होतो. वाचकच फिरकत नसेल, तर तो एकांतप्रिय होतो. कपाटं उघडी असतील आणि समोर माणसं असतील, तर त्याच माणसातून वाटाड्या निघू शकतो. स्वभाव माणसाचा खराच, पण त्याला वळण लावते ती व्यवस्था.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. त्याखाली ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. 'ड' वर्गातल्या खेड्यातला ग्रंथपाल त्या तुटपुंज्या पैशांत दार उघडं ठेवतो. तो वीस वर्षांपूर्वी कसा होता, मोबाइल आल्यावर कसा झाला, कुठल्या वाचकामुळे थोडा मऊ पडला, हे सांगणारी मराठी कादंबरी मला वाचायची आहे. किल्ल्यांचा जुडगा दाखवणं सोपं आहे. तो कमरेवरून कधी आणि कशामुळे उतरला, गोष्ट तिथे आहे.