जॉन क्विन : वकील आणि रसिक

वाङ्मयाच्या इतिहासांत ग्रंथकाराचें नांव ठळक अक्षरांत असतें. ज्यानें त्याचा करारनामा केला, न्यायालयांत त्याची बाजू मांडली, त्याचें नांव तळटीपेंत जातें. आमच्याकडे मर्ढेकरांच्या कवितेची चर्चा निघाली कीं एलियटचें नांव हटकून निघतें. पण एलियटच्या ‘द वेस्ट लँड’चा अमेरिकेंतील व्यवहार ज्यानें जुळवून दिला त्या जॉन क्विनविषयीं विचारलें, तर विद्यार्थीच काय, पुष्कळ अध्यापकही निरुत्तर होतात. या गृहस्थाच्या कर्तृत्वाचें मोल कसें ठरवावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

क्विनचा जन्म १८७० सालीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत टिफिन या गांवीं झाला. आईबाप आयर्लंड सोडून आलेले. बाप भटारखाना चालवी. मुलगा जॉर्जटाउन व हार्वर्ड येथें कायदा शिकला आणि न्यूयॉर्कमध्यें बँका व मोठमोठ्या कंपन्या यांचा वकील म्हणून नांवारूपास आला. १९०२ सालीं आयर्लंडला गेला असतां यीट्स व लेडी ग्रेगरी यांच्याशीं त्याचा परिचय झाला, आणि पुढल्याच वर्षीं यीट्सचा अमेरिकेंतील व्याख्यानांचा दौरा त्यानें आंखून दिला. यीट्सचे वृद्ध चित्रकार वडील अखेरपर्यंत न्यूयॉर्कमध्यें राहिले, ते बव्हंशीं क्विनच्याच आधारावर.

एवढ्यावरून कोणी त्याला धनिक आश्रयदाता म्हणेल. परंतु धन देणारे पुष्कळ असतात. कलेची वाट नेमकी कोठें अडली आहे हें ओळखणारा विरळा. क्विनला तें वकिलाच्या नजरेनें दिसे. १८९१ च्या अमेरिकन कायद्याप्रमाणें इंग्रजी पुस्तकाचे खिळे त्या देशांतच जुळविलेले असल्याशिवाय त्यास ग्रंथस्वामित्वाचा हक्क मिळत नसे. क्विननें यीट्स, सिंज व लेडी ग्रेगरी यांच्या कांहीं नाटकांच्या मोजक्या प्रती न्यूयॉर्कमध्यें छापवून घेतल्या व लेखकांचे हक्क राखले. चित्रकलेचीही तीच कथा. १९०९ च्या जकात-कायद्यानें वीस वर्षांपेक्षां जुन्या चित्रांना माफी होती, नव्या चित्रांवर मात्र शेंकडा १५ जकात होती. म्हणजे मृत चित्रकारांना वाट मोकळी आणि जिवंतांना नाकेबंदी! क्विननें काँग्रेसपुढें ही विसंगति मांडली, आणि १९१३ च्या कायद्यानें ती जकात गेली. त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या आर्मरींतील प्रसिद्ध प्रदर्शनांत नव्या युरोपीय चित्रकलेचें अमेरिकेला प्रथमच भव्य प्रमाणावर दर्शन घडलें. त्या प्रदर्शनाचा कायदेशीर सल्लागार, उद्‌घाटनाचा एक वक्ता आणि मोठा खरेदीदार क्विनच होता.

त्याच्या धैर्याची कसोटी त्यापूर्वींच लागली होती. १९१२ च्या जानेवारींत फिलाडेल्फिया येथें सिंजचें ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ हें नाटक केल्याबद्दल ॲबी थिएटरच्या नटांना अटक झाली. ओरड करणारे अमेरिकेंतील आयरिशच होते. आपल्या राष्ट्राची बदनामी झाली असें त्यांस वाटलें. क्विन धांवून गेला आणि आपल्याच रक्ताच्या लोकांविरुद्ध नटांच्या बाजूनें उभा राहिला. नट सुटले. स्वजातीय संतापाचा सामना करून स्वजातीय कलावंताचा पक्ष घेणें, हें अनुदानाचा धनादेश लिहिण्याहून कठीण आहे.

मग ‘युलिसीज’च्या बाबतींत तो कां हरला? जॉइसच्या या कादंबरींतील एका प्रकरणावरून ‘द लिटल रिव्ह्यू’ या मासिकाच्या दोघी संपादिकांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९२१ सालीं प्रत्येकीला पन्नास डॉलर दंड ठोठावण्यांत आला. क्विननें साक्षीस साहित्यिक बोलावले. त्यांचा न्यायाधीशांवर कांहीं परिणाम झाला नाहीं. त्याचा स्वतःचा मुख्य युक्तिवाद असा कीं मजकूर सामान्य वाचकास कळणारच नाहीं, आणि कळलाच तर मोह न पडतां किळस येईल. युक्तिवाद चतुर खरा. पण त्यांत ग्रंथाचा बचाव कोठें आहे? अशिलाची सुटका करण्यासाठीं त्यानें ग्रंथाची अप्रतिष्ठाच पत्करली. १९३३ सालीं वकील मॉरिस अर्न्स्ट यांनीं हा ग्रंथ थोर वाङ्मय आहे हीच भूमिका घेतली, आणि न्यायमूर्ति वूल्झी यांनीं तो समग्र वाचून बंदी उठविली. मधल्या बारा वर्षांत काळ बदलला होता, हें मान्य. तरी एका वकिलाची श्रद्धा पणाला लागली होती आणि दुसऱ्याची हातोटी, हा भेद उरतोच.

दुसरा आक्षेप हस्तलिखितांचा. जोसेफ कॉनरॅडकडून त्यानें वर्षानुवर्षें थोड्या थोड्या रकमांनीं घेतलेलीं हस्तलिखितें १९२३ च्या लिलावांत एक लाख दहा हजार डॉलरांच्या आसपास गेलीं. त्या वाढाव्यांतील वांटा लेखकाच्या पदरीं पडला नाहीं. ‘युलिसीज’चें हस्तलिखितही पुढल्या जानेवारींत १,९७५ डॉलरांना विकलें गेलें. कायद्यानें यांत दोष नाहीं. कॉनरॅडला अडचणीच्या दिवसांत त्या रकमांचा आधार झाला, हेंही खरें. परंतु ज्यानें लेखकांच्या हक्कांसाठीं इतकी यातायात केली, त्याच्या हातून हा सौदा व्हावा याची रुखरुख वाटतेच.

१९२४ च्या जुलैमध्यें कर्करोगानें तो वारला. सुमारें अडीच हजार कलाकृतींचा त्याचा संग्रह मृत्युपत्राप्रमाणें विकला जाऊन देशोदेशीं पांगला. सराचें ‘सर्कस’ हें चित्र मात्र त्यानें फ्रान्सला दिलें. एलियटनें कृतज्ञतेनें भेट दिलेलें ‘द वेस्ट लँड’चें हस्तलिखित पुष्कळ वर्षें दृष्टीआड राहिलें. तें न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत असल्याचें १९६८ सालीं जाहीर झालें, आणि एझ्रा पाउंडनें त्यावर किती निर्दयपणें व किती मार्मिकपणें कात्री चालविली होती हें जगास कळलें.

क्विनच्या नांवाचें संग्रहालय नाहीं. तथापि जकातीच्या कायद्यांतील एक कलम, कांहीं नाटकांचे राखलेले हक्क आणि फिलाडेल्फियाच्या न्यायालयांतील तो एक प्रसंग, हें त्याचें खरें स्मारक होय. कायदा आणि रसिकता जेथें त्याच्या ठायीं एकजीव झालीं तेथें तो अजिंक्य ठरला. जेथें रसिकाला बाहेर बसवून एकटा वकील बोलूं लागला, तेथें त्याची बुद्धि तोकडी पडली. कलेच्या व्यवहारांत मध्यस्थी करूं इच्छिणाऱ्या प्रत्येकानें हें ध्यानांत ठेवावें.