मराठी पडद्याचे कान

'कुंकू' बघून बाहेर पडलेल्या कुणालाही विचारा, पार्श्वसंगीत कसं वाटलं? बहुतेक जण 'छान होतं' म्हणतील. प्रत्यक्षात सिनेमात ते नाहीच. १९३७ साली व्ही. शांतारामांनी 'प्रभात'मध्ये हा सिनेमा केला, तेव्हा मराठी बोलपटाला जेमतेम पाच वर्षं झाली होती; 'अयोध्येचा राजा' १९३२चा. हातात नवा खुळखुळा आलेलं पोर तो सारखा वाजवत बसतं. शांतारामांनी तो बाजूला ठेवला. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली शांता आपट्यांची नीरा आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब यांचा सगळा झगडा त्या घरातल्याच आवाजांवर उभा आहे. इथे रडायचं, इथे चिडायचं, हे व्हायोलिनवाला सांगायला येत नाही. काकासाहेब आरशासमोर मिशा काळ्या करतात तेव्हा ती शांतता हसूही आणते आणि अंगावरही येते. आजच्या दिग्दर्शकाने त्या प्रसंगाखाली हमखास 'टुंइंग' असा आवाज टाकला असता.

जुने-नवे, सगळ्या जातकुळीचे मराठी सिनेमे पुन्हा पुन्हा बघताना माझ्या मनात एक मत पक्कं होत गेलं आहे. आपले चांगले सिनेमे आणि बरे सिनेमे यांच्यातला फरक कथेत किंवा अभिनयात फारसा नाही, तो कानात आहे. सिनेमा करणाऱ्याने जग ऐकलं आहे का, एवढंच बघावं.

'संत तुकाराम' (१९३६) भक्तिपट म्हणून ओळखला जातो. त्याचे दोन दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. पैकी दामल्यांकडे प्रभातचा ध्वनिविभाग होता, हे विसरून चालणार नाही. विष्णुपंत पागनीसांचा गळा गोड, पण मला त्या सिनेमात जास्त ऐकू येते ती गौरीबाईंची जिजाई. आजारी पोराला ओढत देवळात नेऊन विठोबावर चप्पल उगारणारी ही बाई बोलते ती चुलीजवळची, अंगणातली भाषा, त्याच पट्टीत. एकीकडे अभंग आणि दुसरीकडे तिचा करवादलेला आवाज, या दोन सुरांत सिनेमा तोललेला आहे. ती नसती तर उरलं असतं ते कीर्तन. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, तो चमत्कारांसाठी झाला असेल असं मला वाटत नाही.

पुढे मधल्या काळात हा कान बधिर झाला. याचं खापर रंगभूमीवर फोडायची पद्धत आहे आणि ती बरीचशी खरी आहे. पात्रं समोरासमोर उभी राहून वाक्यं टाकतात, कॅमेरा प्रेक्षकासारखा बसून असतो. गंमत अशी, की विनोदी सिनेमाला हे मानवलं. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) कितीतरी घरांत स्वयंपाक करता करता, पडद्याकडे न बघता ऐकला जातो. संवादांची ती लय, अशोक सराफांचे थांबे, लक्ष्मीकांत बेर्ड्यांची घाई, सगळं आकाशवाणीवरही चाललं असतं. 'पिंजरा'बद्दल मात्र माझं लोकांशी जमत नाही. राम कदमांच्या चाली आणि डॉ. लागू सोडले तर तो सिनेमा मला सजवलेल्या दुकानासारखा दिसतो.

राजकीय सिनेमात जब्बार पटेल-तेंडुलकर जोडीने पुन्हा ऐकायला सुरुवात केली. 'सामना'त निळू फुल्यांचा हिंदुराव आवाज चढवत नाही. साखरसम्राटाला त्याची गरजच काय? लागूंचा दारुडा मास्तर एकच प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं, आणि प्रत्येक वेळी त्या वाक्याचं वजन बदलतं. 'सिंहासन'मध्ये (१९७९) मुख्यमंत्र्यांची झोप उडते ती एका निनावी फोनने.

अलीकडच्यांत चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) मला सगळ्यात धीट वाटतो. सरकारी वकील बाई कायद्याचा लांबलचक मजकूर एका सुरात वाचत सुटतात. उतारा संपेपर्यंत कॅमेरा हलत नाही की कापत नाही, आणि त्या कंटाळ्यातच एक माणूस तुरुंगात कसा अडकत जातो ते कळतं. मग मेलेल्या सफाई कामगाराची बायको साक्ष देते: गटारात उतरण्याआधी तो आत खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं की आत हवा आहे असं समजायचा. हे ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगते. ताम्हाणेने तिथे एक सूर जरी वाजवला असता तरी ती साक्ष खोटी पडली असती.

नागराज मंजुळे वेगळ्या वाटेने तिथेच पोचतो. 'फँड्री'त डुकरामागे धावणारं जब्याचं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच ताठ उभं राहतं, आणि डुक्कर आपलं चालू लागतं. राष्ट्रगीत संपेपर्यंत त्यांना हलता येत नाही, आपल्याला हसता येत नाही. 'सैराट'मध्ये (२०१६) तर त्याने दोन्ही टोकं एकाच सिनेमात ठेवली. अजय-अतुलनी गाण्यांसाठी थेट लॉस एंजेलिसला जाऊन वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. आणि शेवटी रक्तात पाय भरलेलं पोर रडतं तेव्हा आवाज काढूनच घेतला आहे. आधीचा तो गाजावाजा नसता तर ही शांतता इतकी लागली नसती.

हे अपवाद. बाकी चित्र बरं नाही. ऐतिहासिकपटात ढोल-ताशे आणि गर्जना पहिल्या रिळापासून शेवटपर्यंत. कौटुंबिक सिनेमात बासरी, आणि आई दिसली की सतार. टीव्ही मालिकांची सवय लागलेला प्रेक्षक मोबाइल बघत बसतो, म्हणून निर्माते आवाज वाढवतात, आणि आवाज वाढला म्हणून प्रेक्षक आणखी निवांत मोबाइल बघतो. सिंक साउंड, म्हणजे चित्रीकरणाच्या जागीच पकडलेला आवाज, खर्चिक पडतो ही सबब मी ऐकली आहे. पण ड्रोनने काढलेल्या किल्ल्यांच्या दृश्यांना पैसे निघतात, तेव्हा ती पटत नाही.

ज्या जागेवर दामल्यांनी आवाज पकडले, त्याच जुन्या प्रभातच्या आवारात आज पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि तिथे ध्वनिमुद्रणाचा स्वतंत्र अभ्यासक्रम चालतो. शिकलेली माणसं इथेच तयार होतात. मराठी निर्मात्यांनी त्यांना संकलन उरकल्यावर बोलावण्याऐवजी पटकथा लिहिली जात असतानाच बोलवावं.