पेशीपटलाचे फळ्यावरचे चित्र

सिंगर व निकोल्सन यांनी १९७२ साली मांडलेले चित्र आपण आजही फळ्यावर काढतो: मेद-रेणूंचा दुपदरी थर आणि त्यात मोकळी तरंगणारी प्रथिने. चित्र चुकीचे नाही, अपुरे आहे. काही प्रथिने दोन-चारांच्या झुबक्यांत असतात. प्रथिनांची संख्या वाढली तरी झुबक्यांतला वाटा जवळपास तेवढाच राहतो. रासायनिक समतोलात असे होत नाही!

बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील भौतिकशास्त्रज्ञ मदन राव आणि जीवशास्त्रज्ञ सत्यजित मेयर यांच्या गटाने २०१२ साली याचे स्पष्टीकरण मांडले. पटलाखालचे अ‍ॅक्टिनचे तंतू एटीपीची ऊर्जा खर्चून हलतात आणि जोडलेल्या प्रथिनांना ओढून जमवतात. शहापूरच्या आसपास, भंडारा जिल्ह्यातल्या तळ्यांत, शिंगाड्याची पाने तरंगतात. ती वाऱ्याने एका कडेला जमणे वेगळे, कोणी खालून देठ ओढून जमवणे वेगळे. राव यांचे म्हणणे दुसऱ्या प्रकारचे आहे.

ऊर्जेचा हिशेब पटलाच्या रचनेतच धरला, हे आम्हाला या कामाचे बळ वाटते. उणीव एक जाणवते. गणितात पटल सपाट धरले आहे. खरी पेशी तर सारखी वाकते, आत खळगे पाडते. तिथे हेच तंतू कसे वागतात, हे त्या समीकरणांतून कळत नाही.