खातं एका शाखेत, व्यवहार दुसऱ्या

आमच्या चिरंजीवांना कॉम्प्युटर सायन्सच हवं आहे. नाशकात सध्या दर दोन घरांआड हाच हट्ट. म्हणून अच्युत गोडबोले यांचं ‘मुसाफिर’ हे आत्मचरित्र मी मार्गदर्शक समजून वाचलं. तर हे गृहस्थ १९७२ साली आयआयटी मुंबईतून बाहेर पडले ते केमिकल इंजिनिअर होऊन! मग शहाद्याच्या आदिवासी चळवळीत गेले, तुरुंग पाहून आले आणि नंतर संगणकाकडे वळले. वर ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स’ हे पाठ्यपुस्तक लिहून पदवीच्या पोरांना अभ्यासाला लावलं. म्हणजे खातं एका शाखेत आणि उलाढाल सगळी दुसऱ्या!

पुस्तकाचा गुण असा, की त्यातलं कुतूहल वाचणाऱ्यालाही लागतं. दोष म्हणाल तर एकच. आयआयटीची ठेव गाठीशी असली की असल्या उड्या परवडतात. आमच्यासारख्या बीकॉमवाल्याने त्याच भरवशावर चेक फाडू नये; वटेलच असं नाही.

आमच्यासाठी नाशकातच १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. नोकरी सांभाळून शिकता येतं. ‘मुसाफिर’ मिटल्यावर चाळिशीचा चष्मा लावून त्याचं माहितीपत्रक मागवावंसं वाटतं, चिरंजीवांसाठी नव्हे, स्वतःसाठी. याहून मोठी शिफारस मला लिहिता येत नाही.