ईश्वराचा पुत्र आणि धम्माचा वारस

ख्रिस्ती धर्ममताचा विचार आपल्याकडे बहुधा एकाच मुद्द्यापाशी थांबतो. येशू ख्रिस्तास ईश्वराचा पुत्र मानले गेले. बुद्धाने असे स्थान स्वतःकडे घेतले नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा भेद निःसंदिग्धपणे मांडला आहे. भगवान बुद्ध हे शुद्धोदन आणि महामाया यांचे पुत्र. ते मार्गदाते होत, मोक्षदाते नव्हेत. तथापि हा सिद्धांत श्रद्धावंतास काय देतो, हे पाहिल्याविना त्याची समीक्षा पुरी होत नाही, असे आमचे मत आहे.

इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टन्टाइनने बोलाविलेल्या नायसियाच्या धर्मपरिषदेत हा वाद निर्णयास आला. अलेक्झांड्रियाचा धर्मोपदेशक एरियस हा पुत्रास पित्याने निर्माण केलेला मानी. परिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरविले. हा केवळ शब्दच्छल नव्हता. पुढे अथनेशियसने प्रतिपादिले की, जो स्वतःच निर्मित आहे तो इतर निर्मितांना ईश्वराशी जोडू शकणार नाही. सारांश, येशू हा स्वभावतःच पुत्र आणि त्याच्या द्वारे श्रद्धावंत हे दत्तकपुत्र.

दत्तकाची ही कल्पना त्यापूर्वीच संत पौलाच्या पत्रांत आली होती. रोमन कायद्यानुसार दत्तक घेतलेल्यास वारसाचे पूर्ण हक्क मिळत. ज्युलियस सीझरचा दत्तकपुत्र ऑगस्टस नाण्यांवर स्वतःस देवाचा पुत्र म्हणवीत असे. त्याच साम्राज्यात क्रुसावर मारलेल्या एका सुतारास ईश्वराचा पुत्र म्हणणे आणि दासासही वारस ठरविणे, यात दीनांना मिळालेला धीर आम्ही नाकारीत नाही.

परंतु या पुत्रत्वाची कसोटी पौलाच्याच फिलेमोनास लिहिलेल्या पत्रात लागते. अनेसिम या दासास पौल त्याच्या धन्याकडे परत पाठवितो. त्यास दास न मानता प्रिय बंधू मानावे, अशी विनवणी तो करतो. मात्र मुक्त करण्याची उघड आज्ञा देत नाही. ईश्वराच्या घरी पुत्र झालेला मनुष्य धन्याच्या घरी कोण, हा प्रश्न धन्याच्या सदिच्छेवर राहतो. भारतात धर्मांतरित अस्पृश्यांना चर्चमध्येही जात भेटली, हे बाबासाहेबांनी सविस्तर दाखविले आहे. न्यायाची बाजू सोडू नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, विनयातही पळून आलेल्या दासास प्रव्रज्या नाकारली आहे.

पुत्रत्वाची भाषा पालि साहित्यासही परकी नाही. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात वासेट्ठ व भारद्वाज या ब्राह्मणकुलातील दोघांना त्यांचे जातभाई धिक्कारतात. कारण ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, असा त्यांचा दावा असतो. तथागत त्यांना सांगतात की, ज्याची श्रद्धा दृढ झाली त्याने स्वतःस भगवंताच्या मुखातून, धम्मातून जन्मलेला पुत्र आणि धम्माचा वारस म्हणावे. जन्मश्रेष्ठत्वाचीच भाषा घेऊन येथे जन्मश्रेष्ठत्व मोडले आहे.

मग भेद कोठे उरला? तो वारशात आहे. ख्रिस्ती पुत्रत्व ही कृपा आहे. ते एकमेव पुत्राच्या द्वारे लाभते. धम्माचा वारसा असा बहाल होत नाही. कपिलवस्तूत राहुलने पित्याकडे वारसा मागितला, तेव्हा त्यास राज्य नव्हे तर प्रव्रज्या मिळाली. मज्झिमनिकायातील धम्मदायाद सुत्तातही भगवंत भिक्खूंना बजावतात की, माझ्या आमिषाचे नव्हे, धम्माचे वारस व्हा. येथे वारसा म्हणजे चालावयाचा मार्ग होय. जो चालत नाही तो वारस नाही.

म्हणूनच ही समीक्षा केवळ इतरांसाठी नाही. आपण अभिमानाने स्वतःस भीमाची लेकरे म्हणवितो. हे नाते दास्य झुगारणाऱ्या मनाचे आहे आणि ते आम्हांस प्रिय आहे. पण पंचशील न पाळता, प्रज्ञा न वाढविता, पोटजातींचे बंध न तोडता ते केवळ जन्मावर मागितले, तर ज्या जन्मसिद्ध अधिकाराविरुद्ध बाबासाहेब लढले तोच आपण नव्या नावाने उभा करू. बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या त्या आचरणासाठी. आपला वारसाहक्क तेथेच सिद्ध करावा लागेल.