भूमापन शिक्षण आणि बुलढाणा जिल्हा : प्रस्तावित अभ्यासक्रमाची एक समीक्षा

विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात 'कम्युनिटी कॉलेज' अर्थात समुदाय महाविद्यालयांची योजना आणली. तेव्हापासून ग्रामीण महाविद्यालयांत कौशल्याधारित अभ्यासक्रमांची चर्चा सातत्याने होत आहे. भूमापनाचा पदविका अभ्यासक्रम हा त्यांपैकीच एक. अशा अभ्यासक्रमाचे समर्थन बहुधा टोटल स्टेशन, जी.पी.एस., ऑटोकॅड आणि नोकरी या चार शब्दांत आटोपते. प्रस्तुत लेखात या मांडणीची बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात चिकित्सा केली आहे. अभ्यासक्रम सुरू व्हावा याविषयी दुमत नाही. मात्र त्यात काय शिकवावे, हा प्रश्न अद्याप नीटसा विचारलाच गेलेला नाही.

बुलढाणा हा वऱ्हाडातील जिल्हा. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. त्यानंतर येथील जमिनीची मोजणी नागपूरकडील मालगुजारी पद्धतीने न होता मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीने झाली. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पद्धत आकारास आणली, तीच येथे आली. म्हणूनच पूर्व विदर्भातील शेतकरी खसरा नंबर सांगतो, तर मेहकर-चिखलीचा शेतकरी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर सांगतो. हा भेद केवळ शब्दांचा नाही. मोजणीचा मूळ कागद कोणता व तो कसा वाचावयाचा, हे त्यावर अवलंबून असते.

या पद्धतीचे गणित मोठे सुबक आहे. साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. एक चौरस साखळी म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात एक गुंठा. आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. टिपणावर शेताच्या बाजूंची मापे याच साखळी-आण्यांत नोंदलेली असतात. एक आणा म्हणजे सुमारे ६३ सेंटिमीटर. याउलट आजचा रोव्हर उपग्रहांच्या साहाय्याने दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थान देतो. आता २०० मीटर लांबीचा धुरा घ्यावा. तो एका आण्याने सरकला, तर सुमारे १२६ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सव्वा गुंठा जमीन या शेतातून त्या शेतात जाते. दोन भावांत कायमचा अबोला धरण्यास एवढी जमीन पुरेशी असते, हे वऱ्हाडात कोणास सांगावयास नको.

येथेच यंत्रकेंद्री अभ्यासक्रमाची उणीव स्पष्ट होते. रोव्हर आपण कोठे उभे आहोत हे सांगतो; धुरा कोठे असावयास हवा हे तो सांगत नाही. ते ठरविण्यासाठी टिपण, फाळणी, गुणाकार बुक, आकारफोड यांचा मेळ घालावा लागतो, शिल्लक राहिलेल्या खुणा शोधाव्या लागतात, प्रत्यक्ष वहिवाट पाहावी लागते. ज्या अभिलेखाचे लहानात लहान माप आणा आहे, त्यावर सेंटिमीटरची अचूकता लादणे हे शास्त्र नव्हे. शिवाय सातबारावरील क्षेत्र आज हेक्टर-आर मध्ये आहे. गुंठा आणि आर यांना व्यवहारात एकच समजण्याची सवय सर्वत्र आढळते. वस्तुतः ४० गुंठे म्हणजे ४०.४७ आर. वाटणीच्या वेळी हा अर्धा आर कोणाच्या हिश्शातून गेला, असा प्रश्न उपस्थित होतोच.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सर्वेक्षक हा व्यवसाय अखिल भारतीय स्वरूपाचा आहे. त्यात एका राज्याच्या, त्यातही एका जुन्या प्रांताच्या अभिलेखांस विस्ताराने स्थान मिळणे कठीण. समुदाय महाविद्यालयाने नेमकी हीच जागा भरून काढावयास हवी. अन्यथा त्याच्या नावातील 'समुदाय' या शब्दास काही अर्थ उरत नाही. खामगाव येथे शासकीय तंत्रनिकेतन आणि शेगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालय असताना, त्यांचेच शिक्षण कमी साधनांनिशी पुन्हा देण्यात काय हशील?

अध्यापक कोण, हा प्रश्नही दुर्लक्षिण्यासारखा नाही. टिपण वाचणारा माणूस पदव्युत्तर पदवीने घडत नाही. निवृत्त भूकरमापक, निमतानदार यांना सन्मानाने अध्यापनास पाचारण करावे लागेल. नियुक्तीचे नियम त्यास अनुकूल नसतील, तर अभ्यासक्रम कागदावर उत्तम दिसेल आणि शिवारात निरुपयोगी ठरेल.

रोजगाराविषयी मात्र अतिशयोक्ती टाळणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात हद्द कायम मोजणीचे काम परंपरेने भूमिअभिलेख विभागाकडे राहिले आहे. भूकरमापक पदासाठी स्थापत्य पदविका अथवा सर्वेक्षक व्यवसायाचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले गेले आहे. महाविद्यालयाची नवी पदविका त्यात आपोआप बसेल असे गृहीत धरता येत नाही, आणि हे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापणे हे संस्थेचे नैतिक कर्तव्य होय. कर्नाटकात परवानाधारक भूमापकांची व्यवस्था रुळली आहे. तिचा अभ्यास उपयुक्त ठरेल. खासगी कामांची उणीव मात्र नाही. समृद्धी महामार्ग मेहकर व सिंदखेड राजा परिसरातून गेला; पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पाने भूसंपादन व पुनर्वसनाचे प्रश्न निर्माण केले. अशा वेळी संयुक्त मोजणीचा नकाशा शेतकऱ्याच्या हाती पडतो. परंतु तो समजावून सांगणारा माणूस गावात नसतो. हरकतीची मुदत निघून जाते, आणि मोबदल्यातील विहीर, झाडे यांची चूक तशीच राहते.

प्रात्यक्षिकांसाठी जिल्ह्याची घडण अनुकूल आहे. घाटावर मेहकर, लोणारकडील उंचसखल मुरमाड जमीन. घाटाखाली नांदुरा, शेगावकडील पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी व पावसाळ्यात फुगणारी जमीन. अशा मातीत रोवलेला हद्दीचा दगड जागच्या जागी राहीलच असे नाही. विद्यार्थ्याने दोन्हीकडे काम केलेले असावे.

अंतिम परीक्षाही त्याच धर्तीची हवी. विद्यार्थ्याच्या हाती एका गटाचे जुने टिपण द्यावे, धुऱ्यावर दोन्ही लगतधारकांना त्यांच्या संमतीने बोलवावे, आणि मोजणीनंतर नकाशावरील अभिलेखाची रेषा कोणती व वहिवाटीची कोणती, तसेच मोजणीने हद्द ठरते पण मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच जातो, हे त्याने त्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांगावे. या परीक्षेस किमान निम्मे गुण असावेत. विद्यापीठाच्या प्रचलित लेखी परीक्षापद्धतीत तशी तरतूद प्रथम करून घ्यावी लागेल.